काकवी कोमट होईपर्यंत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता, भंडाऱ्यात थंडी चांगलीच पडली होती, आणि आम्ही शिक्षिका मधल्या सुट्टीत स्टाफरूम सोडून बाहेर उन्हात खुर्च्या टाकून बसायचो. आमच्यातल्या एका बाईंचे मिस्टर जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला आहेत. त्यांनी त्या दिवशी डब्यासोबत बिस्किटांचं एक पाकीट आणलं होतं. खाऊन पाहा, म्हणाल्या, आमच्या फॅक्टरीच्या गेटजवळच्या दुकानात मिळतात, असं बिस्किट नागपूरलाही मिळत नाही.

मी एक उचललं. गडद तपकिरी, वरून भेगा पडलेलं, भेगांच्या कडेला साखरेचे दाणे. तोंडाशी नेतानाच वासावरून मला कळलं. सुंठ, लवंग, काकवी आणि चिमूटभर मिरी. हे माझ्या आईचं बिस्किट होतं. पाकीट हातात घेऊन पाहिलं. त्यावर पिवळा कागद चिकटवलेला होता: 'आईच्या हातची सुंठ-काकवी बिस्किटं'.

माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिच्या हातांना इतका कंप सुटलेला होता की चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागे. तिने करणं शक्यच नव्हतं. म्हणजे करत होती माझी भावजय. आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, छान आहे. हे माझ्या माहेरचं आहे, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. उरलेलं अर्धं बिस्किट मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि पाचवीच्या वर्गावर गेले. त्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

या बिस्किटांचं आमच्या घरात काय होतं, ते सांगायला हवं. माझे वडील फॅक्टरीत होते, त्यामुळे माझं आणि धाकट्या भावाचं बालपण तिथल्या क्वार्टरमध्येच गेलं. शेजारी जबलपूरहून बदलीवर आलेलं एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. तिथल्या आंटी नाताळात ही बिस्किटं करायच्या. त्या माहेराहून उसाच्या काळ्या पाकाचा एक डबा आणायच्या. एका वर्षी तो संपला, तेव्हा आईने त्यांना कारध्याच्या पुढच्या गुऱ्हाळातून आणलेली काकवी दिली. दोघींनी मिळून ती घालून पाहिली आणि जमली. आंटींची पुढे बदली झाली. जाताना त्यांनी आपला काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आईला देऊन टाकला. तेव्हापासून दर हिवाळ्यात, गुऱ्हाळं सुरू झाली की वडील सायकलवरून काकवीची बरणी आणायचे आणि आई बिस्किटं करायची. चिवडा-लाडू सगळ्यांकडे असायचे. ही बिस्किटं फक्त आमच्याकडे असायची. मला त्याचा फार गर्व होता.

लग्नानंतर मी आईला अनेकदा म्हटलं, मला शिकव. ती म्हणायची, सुट्टीत ये चार दिवस. हिवाळ्यात मला चार दिवस सुट्टी क्वचितच मिळायची. मिळाली तेव्हा सासरचं काहीतरी निघालं. शेवटी एकदा फोनवर विचारून मी एका कागदावर प्रमाण लिहून घेतलं. त्या कागदावरून मी सात-आठ वेळा केली असतील. दर वेळी दगड झाला. मुलगा म्हणायचा, आई, ही चहात बुडवायची की खलबत्त्यात घालायची? मी हसायचे आणि मनात चिडायचे.

भावाचं लग्न झालं, वडील निवृत्त झाले, आणि वसाहतीबाहेर हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं. वडील गेल्यानंतर तिथे आई, भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी राहायचे. भाऊ तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर होता. चाळिशीही झाली नव्हती त्याची. एका सकाळी बूट घालताना खाली बसला आणि उठलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही पाकिटाची गोष्ट.

रविवारी मी बस पकडून माहेरी गेले. मला राग नेमका कशाचा आला होता, हे मी बसमध्ये स्वतःला नीट विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं. मी विचारलं नाही. मी वाक्यं जुळवत बसले.

घरात शिरताच तो वास आला. स्वयंपाकघरात गोल ओव्हनशेजारी एक नवा चौकोनी ओव्हन होता. भावजय खाली बसून पाकिटांना कागद चिकटवत होती, आई बाजूला खुर्चीत बसून सुंठेची पूड चाळत असलेल्या नातीकडे लक्ष ठेवून होती. मला पाहून तिघीही खूश झाल्या. भावजय लगेच उठली, चहा ठेवते म्हणाली. म्हणाली, ताई, तुमाले सांगणारच होती, जरा जम बसू द्यावा म्हणत होती.

मी बसलेही नाही. पर्समधून ते रुमालातलं अर्धं बिस्किट काढून ओट्यावर ठेवलं. म्हटलं, "हे आमच्या घरचं आहे. आईनं हे आमच्यासाठी केलं, दुकानात मांडायले नाही. माझ्या शाळेत हातोहाती फिरून राहिलं, अन् मलेच माहीत नाही."

भावजयीच्या बोटाला डिंक लागला होता, तो ती अंगठ्याने काढत राहिली. मग म्हणाली, "मग मी कोणत्या घरची आहो, ताई?"

आवाज चढवला नव्हता तिने. खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी आणखी बोलले. आईचं नाव लावून विकायच्या आधी विचारायला नको होतं का, म्हटलं. भाऊ असता तर त्याने हे होऊ दिलं असतं का, असंही म्हटलं. हे शेवटचं वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. भावजयीचा चेहरा ते ऐकून कसा झाला ते मी पाहिलं. पोरगी चाळणी तशीच ठेवून अंगणात निघून गेली.

मी आईकडे पाहिलं. ती खाली, आपल्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. मी समजले, तिलाही माझंच पटतं आहे. चहा न घेता परतले.

आठवडाभराने आईचा फोन आला तेव्हा तिने इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी सांगितलं, तिनं बंद केलं. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं, नवा ओव्हन ज्याच्याकडून हप्त्याने घेतला होता त्याला परत केला. मी म्हटलं, मी बंद कर म्हटलं नव्हतं. आई म्हणाली, हाव. एवढंच.

मग भावजयीने भंडाऱ्यातल्या एका कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. सकाळी नऊच्या बसने निघायची ते घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. शाळा सुटली की मुलगी शेजारी थांबायची. दिवसभर घरात आई एकटी. माझ्या शाळेपासून ते दुकान दहा मिनिटांवर होतं. मी दोनदा त्या रस्त्याने गेले. एकदा काचेतून ती दिसली, गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडून दाखवत होती, उलगडलेली पुन्हा घडी घालत होती. मी आत गेले नाही. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

चैत्रात, भर दुपारी, आई मोरीत पाय घसरून पडली. कूलरच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. शेजारीण पापड वाळत घातलेले पाहायला गच्चीवर गेली, तेव्हा तिला कण्हणं ऐकू आलं. दीड तास आई ओल्या फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

नागपूरला ऑपरेशन झालं. भावजय आणि मी दवाखान्यात आळीपाळीने राहिलो. ती माझ्याशी बोलायची, पण औषधांपुरतं. कोणती गोळी जेवणाआधीची, ड्रेसिंग कधी बदललं, डॉक्टर किती वाजता येतात. एकदाही तिने म्हटलं नाही की मी घरी असते तर हे झालं नसतं. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला निदान काहीतरी बोलता आलं असतं.

दवाखान्यातून सुटल्यावर आईला मी माझ्या घरी आणलं. भावजयीला रजा नव्हती आणि मला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. समोरच्या खोलीत कॉट टाकली. मी तिचं सगळं करत होते, पण आई जेवत नव्हती. दोन घास झाले की ताट सरकवायची. एका सकाळी मी तिला विचारलं, तुला काय खावंसं वाटतं? ती म्हणाली, बिस्किट.

मला रडूच आलं. मी म्हटलं, आई, मला ते येत नाही. माझी दगड होतात.

"घेऊन ये सगळं इकडं," आई म्हणाली. "मी पाहतो."

त्या दिवसांत काकवी मिळणं कठीण होतं, गुऱ्हाळं कधीच बंद झाली होती. बाजारात दोन-तीन दुकानं फिरल्यावर एका आयुर्वेदिकवाल्याकडे एक बाटली मिळाली. मी गॅसची शेगडी सोडून सगळं समोरच्या खोलीत आणलं. आईच्या कॉटशेजारी खाली चटई टाकून बसले. ती कुशीवर वळून पाहत होती. मी स्वयंपाकघरात काकवी आणि लोणी गरम करून आणलं आणि सवयीने सोड्याचा चमचा उचलला.

"थांब," ती म्हणाली. "बोट घालून पाह. चटका बसते?"

बसत होता.

"चटका बसते तवरी सोडा टाकायचा नाही. त्याचा जोर तिथंच मरते. मंग दगड नाही होईन तर काय होईन?"

माझ्या कागदावर हे नव्हतं. तिने फोनवर सांगितलंच नसेल, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. काकवी कोमट होईपर्यंत थांबायचं, हे तिचे हात करत होते. भावजय रोज तिच्या शेजारी उभी राहायची, म्हणून तिला ते दिसलं. मी शेजारी नव्हते.

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, पातेल्यातल्या काकवीवर साय धरल्यासारखी लोण्याची लकेर आली होती. त्या थांबण्यात मी आईला विचारलं, त्या रविवारी तू गप्प का बसलीस?

आई म्हणाली, "तुले बोलली असती तर तू उठून गेली असती. मंग कधी आली असती, कोणाले माहीत? ती कुठं जाणार होती?"

मी बोट घालून काकवी पाहिली, अजून गरम होती.

ती पुढे म्हणाली की कागदावर तिचं नाव लावायचं तिनेच सांगितलं होतं. भावजय तर नको म्हणत होती, लोक काय म्हणतील म्हणून. आणि शांतपणे म्हणाली, "अन् आपल्या घरचं कायले म्हणतं तू? ते त्या शेजारच्या आंटीचं होतं. तिनं तर मले कधी विचारलं नाही, माहं कायले करतं म्हणून."

हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आंटींच्या स्वयंपाकघरात मी स्वतः स्टुलावर बसून ती बिस्किटं साखरेत घोळवली होती. भावजयीसमोर उभी राहून 'आमच्या घरचं' म्हणताना ते सगळं कुठे गेलं होतं, मला सांगता येत नाही.

काकवी कोमट झाली. आईने सांगितलं तसं केलं. पीठ झाकून तासभर मुरू दिलं, लिंबाएवढे गोळे करून साखरेत घोळवले. ओव्हनमध्ये असताना ती सारखी विचारत होती, भेगा पडल्या का? पडल्या म्हटल्यावर म्हणाली, आता काढ. मला ती कच्ची वाटत होती, दाबली तर बोट रुतत होतं. ती म्हणाली, काढ, बाहेर आल्यावर कडक होतात, तू तेवढी वाट पाहत नाहीस. बिस्किटं चांगली झाली. आईने दीड खाल्लं. त्या आठवड्यात ती थोडी थोडी जेवायला लागली.

मी भावजयीला भेटायला दुकानात गेले. मालकिणीने दहा मिनिटं सोडलं. आम्ही बाहेर पानठेल्याच्या बाकावर बसलो. मी तिला सरळ सांगितलं की माझं चुकलं, तू पुन्हा सुरू कर, मी स्वतः शाळेत सांगते, ओव्हन मी घेऊन देते. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल. तिने पदराने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली की ओव्हनचं ती पाहून घेईल.

मग म्हणाली, "मनात राग धरून म्हणत नाही, ताई. पण ते बिस्किट करायले घेतलं की मले तुमचं ते बोलणं आठवते. त्याहीचं नाव तुमी घेतलं होतं त्या दिवशी." भावाबद्दल बोलत होती ती. "माह्या हातून ते आता होत नाही."

मी माफी मागितली. तिने मान हलवली आणि दुकानात जायची वेळ झाली म्हणून उठली. माफ केलं की नाही, ते मला त्या मान हलवण्यातून कळलं नाही आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

पावसाळ्याआधी आई हट्ट करून आपल्या घरी परत गेली. वॉकर धरून चालायला लागली होती. भावजयीने दुकानाच्या मालकिणीशी बोलून अर्धा दिवस करून घेतला. दुपारी दोनपर्यंत ती घरी पोचते. मधले पाच तास शेजारीण लक्ष ठेवते. मी दर रविवारी जाते. आधी महिन्यातून एकदा जायचे. आईच्या पायांना तेल लावते, भाचीचा अभ्यास घेते. भावजय मला चहा देते, जेवायला थांबा म्हणते. मी थांबते. आमच्यात भांडण नाही. पूर्वी ती मला भावाच्या खोड्या सांगायची, तो घोरतो कसा, मुलीला शाळेत सोडायला जाताना स्वतःचीच चप्पल विसरतो कसा. आता ती त्याच्याबद्दल माझ्यासमोर काही बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात फॅक्टरीच्या लोकांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली, म्हणून भावजयीने वेगळं काहीतरी करून पाहायचं ठरवलं. तांदळाचं पीठ, तीळ, गूळ. तुमसरच्या मिलमध्ये भावाचे जुने सोबती आहेत, ते कणी काढून देतात, ती दळून आणते. पहिल्या दोन-तीन खेपा विस्कटल्या. आईला या बिस्किटांतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे नुसतं खाऊन सांगायचं एवढंच तिचं काम होतं. पाकिटावर आता कुणाच्याच नावाचा कागद नाही, नुसती पारदर्शक पिशवी आणि दोरा. गेटजवळच्या दुकानात ती ठेवलेली असतात. सुंठ-काकवीची विचारणारे अजून येतात असं दुकानदार सांगतो.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ती ट्रे बाहेर काढत होती. तिने बशीत दोन बिस्किटं ठेवून माझ्यापुढे सरकवली. मी एक खाल्लं. खुसखुशीत होतं, पण जरा जास्त गोड होतं. चांगलं झालं, म्हणावं की खरं सांगावं, असा मला क्षणभर प्रश्न पडला.

"गूळ थोडा जास्त झाला," मी म्हटलं.

तिने स्वतः एक तोडून तोंडात टाकलं, चावत राहिली. म्हणाली, हाव, मलेही वाटलं तसंच. पुढच्या खेपेले कमी करते. मग तिने दुसरा ट्रे आत ठेवला आणि मला म्हणाली, ताई, आईच्या गोळीची वेळ झाली, पाण्याचा तांब्या तेवढा घेऊन जाता का. मी तांब्या घेऊन आईच्या खोलीत गेले.